चार मराठी दरवाजे : तात्या टोपे यांची १८५८ मधली वाटचाल

पिपलानीच्या नाक्यावर बसचा कंडक्टर "टीटी, टीटी" ओरडतो, तेव्हा चढणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात तात्या टोपे येत असतील? माझ्या तरी वर्षानुवर्षं येत नव्हते. टीटी नगर म्हणजे न्यू मार्केट, टीटी नगर म्हणजे स्टेडियम. मंडळाच्या मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी मला सरळच विचारलं, "अहो, तात्या भोपाळला आले तरी होते का? मग नाव कशाला दिलं?" त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे.

थोडक्यात सांगायचं तर, भोपाळ शहरात त्यांची फौज शिरली नाही. पण १८५८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये ती भोपाळच्या उत्तरेला, मग पूर्वेला आणि मग दक्षिणेला होती. म्हणजे आपल्याभोवती जवळजवळ अर्धा फेरा तिने घातला. तो तसा का घातला, हे समजून घेण्यासाठी मी जन्मभर जे केलं तेच केलं. नकाशा टेबलावर पसरला, पेन्सिल घेतली आणि तारखा टाकत गेलो. कारखान्यात मशीन बंद पडली की आम्ही आधी दोषी कोण हे विचारत नाही. ती कोणत्या क्रमाने बंद पडत गेली ते बघतो. इतिहासालाही ही पद्धत बरी लागू पडते, असा माझा अनुभव आहे.

आधी 'यादवी' या शब्दाबद्दल. आपल्या बैठकांमध्ये सत्तावन्नला काही जण स्वातंत्र्यसमर म्हणतात, काही बंड म्हणतात. मी कोणाचा शब्द खोडत नाही. पण भोपाळमध्ये बसून बघितलं तर ती यादवीसुद्धा होती, हे नाकारता येत नाही. सीहोरच्या छावणीतली भोपाळ कंटिन्जंट फौज ६ ऑगस्ट १८५७ ला उठली. तिने 'सिपाही बहादुर' नावाचं आपलं सरकार मांडलं आणि एक मुसलमानी, एक महावीरी असे दोन झेंडे एकत्र लावले. समोर कोण होतं? गोरे अधिकारी तर आधीच सीहोर सोडून होशंगाबादकडे गेलेले. समोर होती सिकंदर बेगम आणि तिचं राज्य. गढी अंबापानीचे फाजिल मुहम्मद खान भोपाळच्याच सरदार घराण्यातले, ते बेगमच्या विरुद्ध उभे राहिले. जानेवारी १८५८ मध्ये सर ह्यू रोज आला, त्याने सीहोरला कैद्यांना ओळीने उभं करून गोळ्या घातल्या. इंग्रजी नोंदी दीडशेच्या आसपास सांगतात, सीहोरची लोकपरंपरा साडेतीनशेच्या वर. त्याच महिन्याच्या अखेरीस राहतगढचा किल्ला पडला आणि फाजिल मुहम्मद खानांना त्याच किल्ल्याच्या दरवाजावर फाशी दिलं. घरातलेच दोन्हीकडे, हे चित्र डोक्यात ठेवून पुढे वाचा, कारण तात्यांच्या बाबतीत ते आणखी टोचणारं आहे.

रामचंद्र पांडुरंग, मूळचे येवल्याचे. वडील दुसऱ्या बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेले आणि तात्या तिथे वाढले. कानपूर, काल्पी, झाशीच्या मदतीला बेतवेवर झालेली लढाई, कोंच, हे सगळं आपण शाळेत वाचलेलं आहे. मी सुरुवात करतो ती १ जून १८५८ पासून, कारण चार दरवाज्यांपैकी पहिला त्या दिवशी उघडला.

तो दरवाजा ग्वाल्हेरचा. राव साहेब (नाना साहेबांचे पुतणे), राणी लक्ष्मीबाई आणि तात्या ग्वाल्हेरवर चालून गेले. जयाजीराव शिंदे फौज घेऊन समोर आले, पण फौजच पलीकडे गेली आणि महाराज आग्र्याला निघून गेले. इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. दरवाजा उघडला तो शिपायांनी, धन्याने नाही. पुढच्या सहा महिन्यांची सगळी कहाणी या एका वाक्यात आहे, असं मला वाटतं. अठरा-एकोणीस दिवसांत ग्वाल्हेर गेलं, राणी पडली, आणि जौरा-अलीपूरला नेपियरने उरलेल्या फौजेच्या पंचवीस तोफा घेतल्या. कोणत्याही हिशेबाने लढाई तिथे संपली होती.

तात्यांच्या हिशेबाने नाही. ते राजपुतान्यात गेले. जयपूर जमलं नाही, टोंकला नवाबाच्या फौजेतले काही लोक आणि चार तोफा मिळाल्या, पुढे बुंदी. पावसाळा होता, चंबळ फुगलेली, म्हणून पूर्वेला वळता येईना. ऑगस्टमध्ये रॉबर्ट्सने दोनदा गाठलं. दुसऱ्यांदा १४ ऑगस्टला बनास नदीच्या काठी. आदल्या रात्री तात्या नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींच्या दर्शनाला गेले होते. तोफा गेल्या. मग कशीबशी चंबळ ओलांडून ते झालरापाटणला पोचले, आणि आठवड्याभरात सगळं चित्र पालटलं. तिथल्या राजाची फौज त्यांना मिळाली, तीसच्या वर तोफा मिळाल्या, आणि पंधरा लाख ठरून पाच लाख रुपये मिळाले.

या पाच लाखांवर मला थोडं थांबायचंय, कारण इथे शौर्याच्या गोष्टीत पगाराचा तक्ता येतो. पकडले गेल्यावर तात्यांनी जो जबाब लिहून दिला त्यात हा तपशील आहे. झालरापाटणला पाच दिवस मुक्काम केला आणि फौजेला तीन महिन्यांचा पगार वाटला, स्वाराला महिना तीस रुपये, पायदळाला बारा. आता हिशेब करू. माणसं आठ-नऊ हजार होती असा अंदाज इंग्रज लेखक देतात. पाच हजार पायदळ धरलं तर तीन महिन्यांचे १ लाख ८० हजार. तीन हजार स्वार धरले तर २ लाख ७० हजार. बेरीज साडेचार लाख. वरचे पन्नास हजार दाणा-वैरण आणि दारूगोळ्याला. पायदळ-स्वारांची फोड माझी आहे, पण पैसा आला तसा हातातून गेला हे तिच्यावरून दिसतं. ज्यांना नुसती लूटमार करायची असते ते पगारपत्रक ठेवत नाहीत. इंग्रज लेखकांनी या फौजेला लुटारू म्हटलं. मला ते पटत नाही. खंडणी घेतली हे खरं, गावं लुबाडली हेही खरं. पण दरमहा तीस आणि बारा हा दर ठरवून वाटणारा माणूस सरकार चालवतोय, निदान त्याला तसं वाटतंय.

झालरापाटणहून बेत ठरला इंदूरचा. दुसरा दरवाजा. होळकरांची फौज आधीच एकदा, १ जुलै १८५७ ला, इंदूरच्या रेसिडेन्सीवर उठलेली होती. राव साहेब पेशव्यांच्या नावाने फौजेसकट इंदूरला पोचले असते तर ती पुन्हा उठली असती, ही अपेक्षा वेडगळ नव्हती. पण जनरल मिशेल मध्ये आला. राजगढहून तात्या रात्री निसटले आणि १५ सप्टेंबरला ब्यावऱ्याजवळ गाठले गेले. पंचवीसहून अधिक तोफा तिथेच सोडाव्या लागल्या.

ब्यावरा आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आग्रा-मुंबई रस्त्यावरचं. पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत बैलगाडी कधी चालवून बघितलीय का? मी लहानपणी मामाच्या शेतावर बघितलीय. चाक आसापर्यंत रुततं. एका मैदानी तोफेला गाडा, गोळ्यांची पेटी आणि ओढायला सहा-आठ घोडी किंवा तितके बैल लागतात. अशा तीस तोफा म्हणजे नुसती मैलभर लांब रांग. तोफ हवी कारण तोफेशिवाय गढी पडत नाही, संस्थानिक घाबरत नाही. तोफ नको कारण ती असली की पाठलाग करणारा गाठतो. तात्यांच्या पूर्ण मोहिमेत हाच झोका आहे. तोफा मिळवायच्या, त्यांच्या जोरावर एक पाऊल टाकायचं, त्या गमवायच्या, मग हलकं होऊन सुसाट निघायचं. इंग्रजी अहवालांत प्रत्येक ठिकाणी 'इतक्या तोफा घेतल्या' असं विजयाने लिहिलेलं असतं. माणसं किती हाती लागली ते बघा, त्या मानाने थोडीच.

ब्यावऱ्याहून सिरोंज. तिथे आठेक दिवस विश्रांती. सिरोंज भोपाळपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, तेव्हा टोंकच्या नवाबाचं. म्हणजे आपल्या बेगमसाहेबांच्या उंबऱ्याशीच. मिशेलला भोपाळ आणि भेलसा (आजचं विदिशा) झाकून बसावं लागलं ते यामुळे. पुढे ईसागढ घेतलं, तिथे काही तोफा मिळाल्या. मग फौजेचे दोन भाग झाले. तात्या चंदेरीला गेले. चंदेरीत शिंद्यांची शिबंदी होती, मराठी सरदारांची माणसं. तीन दिवस प्रयत्न केला, पण ती फितली नाही. ग्वाल्हेरला जे चार महिन्यांपूर्वी एका सकाळी झालं ते चंदेरीला झालं नाही. शिपाई बघत होते की वारा कुठून वाहतोय, आणि त्यांना दोष देणं मला जड जातं. मग १० ऑक्टोबरला मंगरौली, १९ ला सिंदवाहा, २५ ला खुरई. तिन्ही ठिकाणी मार बसला. खुरईला तर फौजेचा एक भाग कापला गेला.

आणि आता ती उडी. सगळे उत्तरेला, बुंदेलखंडात शोधत असताना तात्या आणि राव साहेब दक्षिणेला सुटले. आजच्या रायसेन जिल्ह्याच्या अंगाने, भोपाळच्या पूर्वेकडून, आणि ऑक्टोबरच्या अगदी अखेरीस होशंगाबादच्या वरच्या अंगाला साधारण चाळीस मैलांवर त्यांनी नर्मदा ओलांडली.

आपण भोपाळहून नागपूरला जाताना बुदनी सुटलं की खिडकीशी सरसावून बसतो, पुलावर नाणं टाकतो, आणि दीड-दोन मिनिटांत पलीकडे. दिवाळीच्या सुमाराचं पाणी बघितलंय ना? पावसाळा संपलेला असतो पण पात्र अजून भरलेलं असतं. पूल नाही, पुरेशा नावा नाहीत, मागे तीन-चार पलटणी. काही हजार माणसं आणि घोडी पलीकडे न्यायची म्हणजे घाट माहीत असलेला माणूस पाहिजे, म्हणजेच गावातल्या लोकांचं सहाय्य पाहिजे. ते मिळालं, यात शंका नाही. या एका कृतीवर इंग्रज इतिहासकार मॅलेसननेही कौतुकाने लिहिलं आहे. त्याचं म्हणणं असं की पेशव्यांच्या वारसाचा पुतण्या फौजेसह मराठ्यांच्या मुलखात उतरला, ही गोष्ट वर्षभर आधी घडती तर दख्खन पेटलं असतं. मुंबई आणि मद्रास, दोन्हीकडच्या गव्हर्नरांना घाम फुटला होता.

तिसरा दरवाजा, नागपूर. इटारसी सोडली की धाराखोह-मरामझिरीच्या घाटात आजही मालगाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं. ट्रॅक्शन मोटरवर काम केलेल्या माणसाला तो चढ अंगात भिनलेला असतो. सातपुड्याचा तोच चढ ही माणसं पायी चढली, बैतूलच्या पठारावर आली आणि मुलताईला, तापीच्या उगमाशी पोचली. तिथून नागपूर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. घोडेस्वाराला दोन-तीन मजला.

आणि नागपूर हललं नाही.

का हललं नाही, याची कारणं मी बरीच वर्षं गोळा करतोय. भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं होतं, वाड्यातले जडजवाहीर लिलावात निघालं होतं, म्हणजे राग होता. पण नागपूरचा स्फोट १३ जून १८५७ लाच व्हायचा होता. टाकळीच्या छावणीतले घोडेस्वार उठणार होते, बेत फुटला, पुढाऱ्यांना फाशी झाली, रिसाल्याची हत्यारं काढून घेतली. कामठीत मद्रासची पलटण बसलेली. थोरल्या बांकाबाईंनी आपल्या माणसांना उठाव करू नका अशी ताकीद दिली होती, आणि तात्या येण्याच्या दीडेक महिना आधी त्या वारल्या. उठायला हत्यार नाही, बोलावायला धनी नाही. ग्वाल्हेरला दरवाजा उघडायला निदान फौज होती. नागपुरात दार होतं, आत कोणी नव्हतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याकडे कमी लक्ष जातं. १ नोव्हेंबर १८५८ ला राणीचा जाहीरनामा ठिकठिकाणी वाचला गेला. कंपनी गेली, राणीचं राज्य आलं, धर्मात ढवळाढवळ नाही, संस्थानिकांचे करार कायम. आणि ज्यांचा गोऱ्यांच्या खुनात प्रत्यक्ष हात नाही त्यांनी १ जानेवारीच्या आत घरी परतावं, त्यांना माफी. तारखा शेजारी ठेवून बघा. तात्या नर्मदा उतरतात आणि त्याच दोन-तीन दिवसांत त्यांच्या प्रत्येक शिपायाच्या हातात घरी जायची चिठ्ठी येते. बांद्याचे नवाब अली बहादूर, हे बाजीराव-मस्तानीच्या वंशातले, झाशीपासूनच्या धामधुमीतले साथीदार. त्यांनी याच महिन्यात शरणागती पत्करली आणि पुढे इंदूरला पेन्शनवर राहिले. मी त्यांना भ्याड म्हणणार नाही. पण मग जे गेले नाहीत त्यांचं मोजमाप करा. दीड वर्ष लढून झालंय, घर शेकडो मैल लांब, जिंकण्याची आशा उरलेली नाही, परत जायची वाट उघडी आहे, आणि तरी सकाळी उठून पुन्हा राव साहेबांच्या मागे चालायचं. शौर्य म्हणून मी या लेखात बोट ठेवतोय ते इथे, ग्वाल्हेरच्या विजयावर नाही. या माणसांची नावं बहुतेक कुठे नाहीत.

पाठलाग करणारे कोण होते, हेही सांगायला हवं. गोरे होतेच. पण रॉबर्ट्स, पार्क, सदरलंड यांच्याबरोबर मुंबई फौजेच्या पलटणी होत्या आणि मुंबई फौजेत हिंदुस्थानी शिपायांबरोबर कोकणातले आणि देशावरचे मराठी शिपाई मोठ्या संख्येने होते. येवल्याच्या माणसाच्या मागावर रत्नागिरी-साताऱ्याची माणसं. त्यांच्या बाजूनेही मिठाला जागणं होतं, पगार होता, पलटणीची इभ्रत होती. मी यादवी म्हणतो ती अशी.

मुलताईहून दक्षिणेचा रस्ता बंद दिसल्यावर ते पश्चिमेला वळले. मेळघाटाच्या बाजूला हैदराबादची फौज आडवी, म्हणून सातपुड्याच्या कडेने निमाड. खरगोणला होळकरांची एक तुकडी दोन तोफांसह त्यांना मिळाली. इंदूरचा दरवाजा उघडला नव्हता, ही एक खिडकी. आग्रा-मुंबई रस्ता ओलांडताना महूकडे जाणाऱ्या व्यापारी मालाच्या गाड्या लुटल्या, तारायंत्राच्या तारा तोडल्या. तारेचं महत्त्व त्यांना पक्कं कळलं होतं. राजपूरला सदरलंडने थोड्या माणसांनिशी, काही उंटांवर बसवून, गाठलं आणि त्या दोन तोफा घेतल्या. तात्या रात्रभर चालून बडवानीच्या बाजूने पुन्हा नर्मदा उतरले, या वेळी उत्तरेकडे. सदरलंड काठावर आला तेव्हा पलीकडे त्यांची छावणी दिसत होती.

चौथा दरवाजा बडोदा. गायकवाडांच्या राजधानीत वाट बघणारे लोक होते असं म्हणतात. पण पार्कच्या तुकडीने नऊ दिवसांत २४१ मैल कापले, म्हणजे रोज सुमारे ४३ किलोमीटर, त्यात घनदाट जंगल. १ डिसेंबरला छोटा उदेपूरला त्याने तात्यांना गाठलं. बडोदा सुमारे शंभर किलोमीटर राहिलं होतं. तात्यांचं शस्त्र वेग होतं आणि इंग्रजांनी पाच महिन्यांत तेच शस्त्र उचललं. तोफा मागे ठेवल्या, माणसं उंटांवर घातली. आमच्या भाषेत, त्यांनी डिझाइन कॉपी केलं.

यानंतरच्या हालचाली नकाशावर टाकल्या तर रेघ गुंत्यासारखी होते. बांसवाडा, प्रतापगढ, झीरापूर, इंद्रगढला शाहजादा फिरोझशाहची भेट, दौसा, आणि २१ जानेवारी १८५९ ला सीकर. ठोठवायला दरवाजा राहिला नव्हता. जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या रेघेला मात्र पळापळ म्हणता येत नाही. ती ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर, बडोदा अशा चार मराठी राजधान्यांकडे क्रमाने गेलेली आहे, आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना तिने भोपाळला वळसा घातला आहे. त्या ज्येष्ठ सदस्यांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. आपल्या बेगमसाहेबांना इंग्रजांनी पुढे बेरसिया परगणा बहाल केला. आणि स्वतंत्र भारतात याच शहराने आपल्या एका मोठ्या वस्तीला तात्यांचं नाव दिलं.

सीकरनंतर तात्या पाडोनच्या जंगलात गेले, बरोबर तीन माणसं, तीन घोडी आणि एक तट्टू. नरवरच्या मानसिंगाने ७ एप्रिलच्या रात्री त्यांना झोपेत असताना पकडून दिलं. सिप्रीला, म्हणजे आजच्या शिवपुरीला, १५ तारखेला लष्करी कोर्ट बसलं. आरोप बंडाचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. मी माझ्या धन्याच्या, पेशव्यांच्या, हुकुमाने वागलो, काल्पीपर्यंत नानांच्या आणि नंतर राव साहेबांच्या. लढाईखेरीज कोणा गोऱ्या बाईमाणसाला, मुलाला मारण्यात माझा हात नाही. १८ एप्रिलला फाशी झाली. ते तात्या नव्हतेच, दुसरा कोणी होता, असं मानणारे आहेत. त्यावर मंडळात वेगळी बैठक व्हावी, मी तयारी करून येईन. राव साहेब जम्मूच्या बाजूला १८६२ मध्ये सापडले, त्यांना कानपूरला फाशी दिलं.

जाता जाता एक विनंती. सिरोंज, विदिशा, बैतूल, मुलताई, बडवानी या बाजूच्या जुन्या मराठी घरांतली बरीच मंडळी नोकरीमुळे भेलमध्ये आली आणि इथेच राहिली. माळ्यावर मोडी कागद, पावत्या, खर्चाच्या वह्या असतील तर रद्दीत देऊ नका. १८५८ च्या कार्तिकातली दाणा-वैरणीची एखादी नोंद जरी निघाली, तरी नर्मदा नेमक्या कोणत्या घाटाने उतरले ते सांगता येईल. मोडी वाचायला मंडळात दोघं आहेत. रविवारी सकाळी या.